गोळा पुसायची दहा मिनिटं

अंदाजाच्या कागदावर मी एकदा एक नाव लिहिलं. खोटं लिहिलं का खरं, ते तुम्हीच ठरवा.

नव्वदच्या आसपास टेंभुर्णीत वाफ करायला आरशांची मोठी छत्री बसवायची होती. ती वर्षाला किती ताकद देईल, हे मला काढायचं होतं. म्हणून शाळेच्या गच्चीवर काचेचा गोळा ठेवला. कडक ऊन असलं की गोळ्याखालच्या, तासांच्या खुणा असलेल्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटती. पट्टी रोज गावातले म्हातारे कोंडिबामामा बदलायचे.

प्रत्येक पट्टीत बाराला रेघ तुटलेली. मी विचारलं, "मामा, बाराला काय करता?"

"गोळा पुसतो. धूळ बसती ना."

"भर उन्हात कशाला? सकाळी पुसा."

"सकाळी ढोरं असतात, साहेब."

दिवाळीनंतर मामा वारले. त्यांची सून संध्याकाळी येऊन पट्टी बदलायला लागली. दुपारी ती शेतात असायची. रेघ तरी बाराला तुटतच राह्यली.

मंग मी स्वतः गच्चीवर जाऊन बसलो. गोळ्यावरच्या धुळीत बोटानं फुली मारून ठेवली. आभाळ बिलकुल कोरं होतं. बाराला पट्टीचा धूर थांबला. दहा मिनिटांनी परत निघाला. उठून पाह्यलं, तर फुली गेल्ती. गोळा लख्ख.

मोठ्या साहेबांनी अंदाजाचा कागद पाहून विचारलं, "रोज दहा मिनिटं ऊन कमी का धरलं?"

"गोळा पुसायला लागतात."

"बराबर. मंग पुसणाऱ्याचं नाव लिहा."

मी लिहिलं. कोंडिबामामाचं.