एका दिवसासाठी आणलेली घंटा

पुतण्या : ...आणि शेजारच्या बेटाने आपल्या चर्चला ही घंटा प्रेमाने भेट दिली. एवढंच तर वाक्य आहे, काकू. त्यात चिडण्यासारखं काय आहे?

काकू : भेट? कोणी दिली भेट? माझ्या माहेरची घंटा आहे ती. पाय वर घे, बाकाखाली झाडायचंय.

पुतण्या : मग काय, आपण ढापली म्हणून लिहू? रविवारी सगळ्या गावासमोर वाचायचाय मला हा इतिहास.

काकू : ढापली कुठे म्हणतेय मी? मागून आणली. तुमच्या लोकांनी किनाऱ्यावरचे दगड वाहिले, मोडक्या होड्यांची लाकडं छपराला घातली, चर्च उभं केलं. घंटेचं मात्र कोणाच्या डोक्यातच आलं नाही! उद्घाटन तोंडावर आलं, तेव्हा तुझे पणजोबा होडी घेऊन धावत आमच्याकडे. एका दिवसासाठी द्या म्हणाले.

काका : (शिडीवर, घंटेचा दोर बदलताना) तो दिवस अजून मावळायचाय!

काकू : तुम्ही वरून बोलू नका हो, पडाल.

पुतण्या : मग तुमच्या लोकांनी परत का नाही नेली?

काकू : दरवर्षी वर्धापनदिनाला आमची होडी यायची की न्यायला. तुमचे लोक आग्रह करकरून जेवू घालायचे. मग भरल्या पोटी भांडणार कोण? निघताना आमच्यातलं मोठं माणूस दारात विचारायचं, "आमची घंटा कधी देता?" इकडचं मोठं माणूस म्हणायचं, "पुढच्या वर्षी नक्की."

काका : एका वर्षी त्याच होडीतून ही आली. घंटा राहिली बाजूला, आम्ही त्यांची मुलगीही ठेवून घेतली!

पुतण्या : पण काकू, आता तिकडे आहे कोण? विहिरी खाऱ्या झाल्या, माणसं पांगली. चर्चचं छप्परसुद्धा पडलं. उद्या घंटा दिली तरी टांगायची कुठे?

काकू : मला कुठे न्यायचीय?

पुतण्या : मग दरवर्षी दारात उभी राहून विचारतेस कशाला?

काका : आणि "पुढच्या वर्षी नक्की" मला म्हणावं लागतं. घरच्याच बायकोला!

काकू : म्हणता ना? बस. तेवढ्यापुरतं माझं गाव जागेवर असतं, रे. कोणीतरी त्याचं काही देणं लागतं. तू भेट लिहिलंस की सगळं मिटलं. मग मी कोणत्या तोंडाने विचारू?

पुतण्या : ...बरं. खोडतो. 'एका दिवसासाठी मागून आणली, अजून परत केलेली नाही.' चालेल?

काकू : चालेल. आमच्या गावाचं नावही घाल.

पुतण्या : लोक हसतील, काकू.

काकू : हसू देत.

पुतण्या : एक विचारू? राग मानू नकोस. तुझ्यानंतर कोण मागणार घंटा?

काकू : म्हणून तर लिहून ठेव म्हणतेय.