टार्गेट लिस्ट

मोबाइल नवे होते तवाची गोष्ट. तेंदूपत्ता खरेदीच्या फडीवर हिशोब लिहिणारे मुनशी किसनभाऊ धानोऱ्यात माझ्या दुकानातून सिमकार्ड घेऊन गेले अन् दुसऱ्याच दिवशी धावत परत आले.

"गड्या, फोनवर बाई बोलली, 'सर, तुम्ही आमच्या टार्गेट लिस्टमध्ये आहात. आमची माणसं घरी भेटायला येतील.' मी काय केलं रे कोणाचं?"

मी त्याच नंबरवर फोन लावला. बाई हसली. "टार्गेट म्हणजे ज्यांना आमची स्कीम विकायची ते ग्राहक, सर."

भाऊले समजावलं. त्यायनं सिम काढून माझ्या हातावर ठेवलं.

"त्या बाईले सांग, आमच्या इथी नक्षल्यायच्या लिस्टमधी नाव निंगालं, का माणूस सकाळी रस्त्यावर पडून सापडते."