सात पायांचा कोळी

मी खाली सही करणारा, वय ६१ वर्षे, धंदा दागिने दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो ते असे :

मला दाखवलेले लॉकेट मी ओळखतो. मधाच्या रंगाचा खडा, आत एक कोळी. खऱ्या अंबरात असे जीव सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकलेल्या माशा, मुंग्या, कोळी त्या चिकासकट गोठून राहिलेले असतात.

लॉकेट तक्रारदार बाईंच्या आईचे. आई वारल्यावर ते थोरल्या बहिणीकडे राहिले, वाटणीत तक्रारदारांना, म्हणजे धाकटीला आले. तिने एका दुकानात दाखवले तर खडा नकली निघाला. वडील मात्र ठामपणे सांगतात की बोटीवर नोकरीला असताना त्यांनी एका बंदरात तो खात्री करून घेतला होता. म्हणून थोरलीने खडा बदलला, अशी तक्रार आहे.

थोरलीने काही बदललेले नाही. या बहिणींच्या आई हयात असताना स्वतः हे लॉकेट माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. कडी तुटली होती आणि खडा कोंदणातून सुटला होता. कडीचा जोड माझ्या हातचा आहे. खडा मी मिठाच्या दाट पाण्यात टाकून पाहिला. अंबर त्यात तरंगते, हा तळाला गेला. शिवाय कोळी पाय पसरून ऐटीत बसलेला. चिकात सापडलेला जीव धडपडतो, असा बसत नाही. पाय मोजले तर सातच. आज पाहिला, तोच कोळी आहे.

गिऱ्हाईक दुखावेल म्हणून सांगावे की नाही, असे झाले. तरी सांगितले. त्या हसल्या.

"मला ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हे बोटीवरून उतरले, माझ्या गळ्यात हे घातलं आणि म्हणाले, हा कोळी माणूस जन्मायच्या आधीपासून जागचा हललेला नाही, आता मीही हलणार नाही. पुन्हा बोटीवर गेले नाहीत. मग मी खडा कशाला तपासत बसू? तुम्हीही कुठे बोलू नका."

मी शब्द दिला होता. थोरलीवर आळ आला म्हणून आज मोडत आहे.

वरील हकीकत मी दोघी बहिणींसमोर सांगितली. धाकटीने खडा उजेडात धरून कोळ्याचे पाय मोजले. मग तिने विचारले, "ताई, तू काहीच का बोलली नाहीस?"

थोरली म्हणाली, "मला वाटलं, अडचणीत बाबांनीच कधीतरी खरा विकून हा बसवला असेल. त्यांचं नाव कसं घेऊ?"

धाकटीने तिथल्या तिथे तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले. थोरलीने तिला जवळ घेतले.

वडील बाहेर बाकावर बसले होते. धाकटीने लॉकेट गळ्यात घातले, बाहेर जाऊन त्यांना सांगितले की खडा अस्सल आहे, त्या दुकानदाराचीच तपासण्यात चूक झाली. हे खोटे आहे, हे मला माहीत आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझा जबाब माझ्या विनंतीवरून दार लावून, हलक्या आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.