वहिनी, घट्ट धरा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष अभयकुमारजी शेठ, सत्कारमूर्ती गिरधर चौधरी साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, विमा कार्यालयातली मंडळी आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो,

मी बसूनच बोलतो. माइक उभ्या माणसाच्या उंचीला लावला होता, तो मघाशी खाली करून घ्यावा लागला. साहेब आज निवृत्त होत आहेत. गेली अकरा वर्षं ते जळगावात अपघाताचे दावे पाहत होते, आणि अकरा वर्षांत त्यांना एकही जखमी माणूस भेटला नाही. कुणाचा हात मोडला, तर साहेबांना तो हलताना दिसला. जामनेरच्या एका बाईंचा डोळा गेला, तर साहेबांनी दुसऱ्या डोळ्याची चौकशी केली. अशी दृष्टी कुणाला लाभते हो?

सत्कार समितीला एक समाधानी दावेदार भाषणाला हवा होता. माझ्या फाइलवर 'निकाली' असा शेरा पाहून त्यांनी मला पत्र धाडलं. फाइल उघडून कुणी पाहिली नाही. साहेबांच्या हाताखाली तयार झालेली माणसं, त्यांना तरी काय बोलायचं?

मी पितांबर तायडे, नशिराबादला शिक्षक. अठ्ठ्याऐंशी साली हायवेच्या कडेला सायकल धरून उभा होतो, तेव्हा एका मोटारीनं मला उडवलं. मोटार आजच्या अध्यक्षांची, तिचा विमा साहेबांच्या कार्यालयाचा. हसू नका. शेठजींनी त्याच मोटारीत घालून मला दवाखान्यात नेलं, आणि पुढे क्लेम कोर्टात चूक आपल्या गाडीची होती असं सरळ सांगितलं. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. माझा डावा गुडघा मात्र कायमचा गेला. हा माणूस आधाराशिवाय उभा राहू शकणार नाही, असं सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं.

दोन वर्षांनी तालुक्यानं आदर्श शिक्षक म्हणून माझा सत्कार ठेवला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, शाल उभ्यानंच घ्यायची. बसून घेतली तर देणाऱ्याचा अपमान होतो. संयोजक ऐकेनात, आणि खरं सांगतो, मलाही मिरवायची हौस होती. मग आमच्या लिलाबाई व्यासपीठामागच्या पडद्याआड उभ्या राहिल्या आणि फटीतून हात घालून त्यांनी माझी कंबर धरली.

शेजारच्या खुर्चीवर पाहुणे म्हणून कोण होतं? हेच चौधरी साहेब. वाकून पडद्याकडे पाहत म्हणाले, "वहिनी, घट्ट धरा हं. सर पडले तर पुन्हा आमच्याच माथी."

सगळे हसले. मीही हसलो, मूर्खासारखा. आणि फोटो पेपरात द्यायच्या आधी फोटोवाल्या छगनभाऊंना मीच सांगितलं, बायकोचा हात दिसतो तेवढी बाजू कापून टाका, लोक काय म्हणतील!

पेपरातलं तेच कात्रण साहेबांनी कोर्टात दाखल केलं. पाहा, दावेदार स्वतःच्या पायांवर ताठ उभा आहे. साहेब साक्षीला आले. शपथ घेतली. आमच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही तिथं शेजारीच होता, यांना मागून कुणी धरलं होतं का?

साहेब म्हणाले, "आठवत नाही."

नाही म्हणाले असते, तर मी त्यांना खोटारडा म्हटलं असतं. पण खोटं बोलायलाही थोडी छाती लागते. तेवढीही या गृहस्थांना नव्हती. लिलाबाईंची साक्ष बायकोची म्हणून बाजूला पडली, आणि माझं अपंगत्व कोर्टानं मानलं नाही. अपील औरंगाबादला आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे.

गेल्या महिन्यात छगनभाऊंनी दुकान हलवलं, तेव्हा त्या फोटोची निगेटिव्ह सापडली. अख्खा फोटो निघाला. माझ्या कमरेवर बांगड्यांचा हात आहे, आणि शेजारी वाकून त्या हाताकडे पाहत हसणारे साहेब आहेत. एक प्रत औरंगाबादला वकिलांकडे गेली. दुसरी मोठी करून, चौकट बसवून इथं आणली आहे.

कुणाच्या निरोपाच्या दिवशी हे काढावं का, असं काल घरी विचारलं. लिलाबाईंचं माहेर धुळ्याकडचं. त्या म्हणाल्या, "बठ्ठं सांगी टाका. आते कसानी लाज?" म्हणून सगळंच सांगून टाकलं.

तर साहेब, ही माझी भेट. तुम्हाला आठवत नव्हतं, म्हणून आणली. मला उठून देता येणार नाही. आज लिलाबाई पडद्याआड नाहीत, समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि तिथून उठायचं नाही असं मी त्यांना बजावलं आहे. तेव्हा आपणच माझ्या खुर्चीपर्यंत या आणि वाकून घ्या. छगनभाऊ, फोटो काढा. आज काही कापू नका.

मला बोलावल्याबद्दल समितीचा आभारी आहे, आणि फाइल न उघडल्याबद्दल विशेष आभारी आहे. अध्यक्ष महाराजांनी मध्येच घंटी वाजवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. एखादा शब्द लागला असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. एवढ्या मोठ्या साहेबांचा सत्कार मी बसून केला, ही माझ्याकडून राहिलेली उणीव आहे, तिची मात्र मी साहेबांकडेच क्षमा मागतो. मला उभं राहता आलं नाही, साहेब. एवढं तरी आठवणीत ठेवा.