तीन ताऱ्यांचा शर्ट

म्यानमारमधल्या मंडालेच्या बसथांब्यावर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या गल्लीतले ऊ सो न्युंट होते, लष्करातले निवृत्त सार्जंट. त्यांच्यापुढे उत्तरेकडच्या नामलोंग शहरातून पळून आलेली, शान जमातीची एक बाई.

“नामलोंग पडलं? काहीतरीच काय, बाई! सगळ्या उत्तरेचं मुख्यालय आहे ते. माझी पलटण आहे तिथे.”

“काल सकाळी पडलं, काका.”

“चार हजार जवान आहेत तिथे!”

“होते. त्यांतले तिघं माझ्या स्वयंपाकघरात शिरले.”

“लुटायला?”

“लुंग्या मागायला. गणवेश चुलीपाशीच उतरवले. नवऱ्याच्या होत्या तेवढ्या लुंग्या देऊन टाकल्या.”

“छट्! बंडखोर असतील ते, सोंग घेऊन आलेले.”

“बंडखोर जिंकले, काका. ते कशाला माझ्या पाया पडतील? एकाला तर घाबरून लुंगीची गाठही मारता येईना. शेवटी मीच मारली.”

“कोण होता? शर्टाच्या खांद्यावर काय होतं?”

“तीन तारे.”

“कॅप्टन?”

“असेल. माझ्या धाकट्याच्या वयाचा होता. रडत होता.”

“अहो, पण जनरलसाहेब होते ना तिथे? त्यांचा काय हुकूम होता?”

“तेच तो मला विचारत होता. ‘मावशी, आमचे जनरलसाहेब कुठल्या रस्त्यानं गेले, तुम्ही पाहिलंत का?’”

“मग? काय सांगितलंत त्याला?”

“काय सांगणार? हेलिकॉप्टरला कुठला आलाय रस्ता!”