रविवार मोजायचे नसतात

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय चंद्रप्रकाशजी, त्यांच्या शेजारी बसलेल्या पर्सोनेल विभागाच्या प्रमुख वसुधा मॅडम, चौतीस वर्षं ज्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून एकही वजनकाटा बाहेर पडला नाही ते आजचे सत्कारमूर्ती, असेंब्लीचे फोरमन श्री. विन्सेंट मिरांडा, त्यांच्या पत्नी एमिलिया वहिनी, आणि दुपारनंतर काम बंद म्हणून मनातून खूश असलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

मी अनंत विद्वांस, स्टोअरकीपर. माइक जरा खाली घेतो, आधीचे वक्ते उंच होते.

आत्ता साहेबांनी जे मानपत्र वाचून दाखवलं, ते लिहिण्याचा मान मला मिळाला होता. साहेबांनी ते फार सुंदर वाचलं. ‘कर्तव्यकठोर’ हा शब्द तर माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारला. त्या मानपत्रात खालून तिसरी ओळ अशी आहे: ‘स्वतः व्यसनमुक्त होऊन आपण एका सहकाऱ्यालाही त्या मार्गावर आणलेत आणि चार वर्षं एक दिवसही त्याचा हात सोडला नाहीत.’ या ओळीला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तो सहकारी मी. टाळ्या वाजवताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, हे मी पहिल्या रांगेतून मान वळवून पाहिलं. ती ओळ काढून घ्यायला मी सोमवारी सकाळीच अंधेरीला फ्रेमवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, काका, काच बसली, आता काही होणार नाही. त्यामुळे ती ओळ आता कायमची विन्सेंटच्या भिंतीवर राहणार आहे.

असो. विन्सेंटबद्दल चांगलं बोलायला मी उभा आहे आणि ते मी बोलणारच. हा माणूस कामात सोन्यासारखा. घाटकोपरच्या एका सराफाकडून एक काटा चार वेळा परत आला होता. रोज दुपारी वेगळं वजन दाखवतो म्हणून. आपल्या इंजिनिअरांनी तो तीनदा उघडून बसवला. चौथ्या वेळी विन्सेंट स्वतः गेला, दुकानात अर्धा तास नुसता बसून राहिला आणि म्हणाला, शेठ, पंखा बंद करा. दुपारी उकडलं की शेठ डोक्यावरचा पंखा मोठा करायचे आणि पारडं हलायचं. एवढंच. कोणाचं काय हलतंय हे ओळखण्यात विन्सेंटचा हात धरणारा कोणी नाही. माझंही त्याने ओळखलं होतं, त्याकडे मी येतोच आहे.

मागच्या गेटपाशी, जनरेटरच्या खोलीमागे आम्ही दोघं सव्वीस वर्षं सिगारेट ओढत होतो. साडेदहाला एक, जेवणानंतर एक आणि चार वाजता एक. काडी एक, सिगारेटी दोन. माझं लग्न ठरल्याची बातमी पहिल्यांदा त्या खोलीमागे फुटली. त्याच्या आईच्या आजारपणात तो तिथेच माझ्यापुढे रडला. आता तुम्ही म्हणाल, निरोपाच्या भाषणात सिगारेटचं काय कौतुक? कौतुक नाही. पण मैत्री जिथे झाली ती जागा सांगितली पाहिजे ना?

चार वर्षांपूर्वी मला मुलुंडच्या घरी दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, विद्वांस, आता तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या पत्नीने, रेवतीने, सगळं करून पाहिलं होतं. शपथा घातल्या, अबोला धरला, एकदा पाकीट भिजवून ठेवलं. माझ्याने होत नव्हतं. आणि अशात तो बुधवार आला. विन्सेंट सकाळी चर्चमधून परस्पर कामावर आलेला, कपाळावर राखेचा क्रूस. खोलीमागे आल्यावर त्याने खिशातलं पाकीट काढून चुरगळलं आणि म्हणाला, “आजपासून ईस्टरपर्यंत बंद. लेंटचे, आमच्या उपासाचे, चाळीस दिवस. तू पण चल ना बरोबर. एकट्याने माझ्याने नाही होणार.”

मी म्हटलं, चाळीसच ना? चल.

त्यानंतर या कंपनीने मला जे प्रेम दिलं, ते मी विसरणार नाही. वसुधा मॅडमनी स्टोअरमध्ये भाजलेल्या चण्यांची बरणी आणून ठेवली आणि ती कधी रिकामी होऊ दिली नाही. लेथवरचा आपला रतन रोज सकाळी माझ्या टेबलावर चार लवंगा ठेवून जायचा, न बोलता. गेटसमोरच्या पानवाल्याला तुम्ही दम भरलात की या काकांना दिलीस तर बघ. आणि असेंब्लीत उत्पादनाचा आकडा लिहायचा जो फळा आहे, त्याच्या कोपऱ्यात विन्सेंट रोज स्वतःच्या हाताने खडूने लिहायचा: अनंत, दिवस नऊ. अनंत, दिवस दहा. माझी मुलगी बोर्डात आली तेव्हासुद्धा एवढे लोक माझ्याशी हात मिळवायला आले नव्हते.

पण रविवारी काय? रविवारी ना फळा, ना रतन, ना चणे. जेवण झालं, घरातले सगळे आडवे झाले की माझे हात नुसते सैरभैर व्हायचे. पहिल्याच रविवारी चार वाजता मी विन्सेंटला फोन लावला. म्हटलं, वाट लागली रे, खाली उतरून घेऊन येतो एक. तो म्हणाला, धर. मी पण धरलंय ना. आणि फोनमध्ये त्याने एक लांब श्वास सोडला. मला वाटलं, हाही माझ्यासारखाच तळमळतोय. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याच्याबरोबर मीही श्वास सोडला. दहा मिनिटं आम्ही काहीबाही बोललो आणि वेळ टळली.

मग तो शिरस्ताच पडला. दर रविवारी चार वाजता मी फोन करायचा, त्याने पाचव्या रिंगला उचलायचा. नेहमी पाचव्याच. मला वाटायचं, वामकुक्षी चालू असेल, उठून येत असेल. तो श्वास सोडायचा, की मी सोडायचा. माझा चाळिसावा दिवस रविवारीच आला. मी फोनवर ओरडलोच, झाले रे चाळीस! तर तो म्हणतो, कुठे? अजून सहा आहेत. मी रेवतीला म्हटलं, बघ हा माणूस, चाळीसचे सेहेचाळीस करून घेतोय, याला म्हणतात मित्र. ईस्टर झाल्यावर तो म्हणाला, सुटलीच आहे तर कशाला परत? आम्ही पुढे चालत राहिलो. फळ्यावर हजार झाले तेव्हा मॅडमनी पेढे वाटले. मंडळी, दोनशेच्या वर रविवार मी त्या श्वासावर काढले आहेत.

आता गेल्या रविवारची गोष्ट. आज मघाशी पडद्यावर विन्सेंटचे जुने फोटो बघून तुम्ही हसलात ना, ते आणायला मी न कळवता मरोळ गावठाणात त्याच्या घरी गेलो. वहिनींकडून गुपचूप घ्यायचे आणि यायचं, असा बेत. गल्लीतल्या क्रूसापाशी पोचलो तर चार वाजत आलेले. म्हटलं, आपली वेळ झाली, आधी फोन करू, मग दारात उभं राहून चकित करू. कुंपण कमरेएवढं आहे. अंगणात विन्सेंट माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसलेला. बाजूला स्टूल. स्टुलावर फोन, आणि फोनच्या बाजूला पाकीट.

मी नंबर लावला. स्टुलावरचा फोन वाजला. त्याने फोन उचलला नाही, पाकीट उचललं. एक काढली, ओठात धरली, काडी ओढली, पेटवली. पाचव्या रिंगला फोन घेतला.

“बोल अनंत.”

मी नेहमीचंच बोललो. “कठीण जातंय रे आज.”

“धर. मी पण धरलंय ना,” तो म्हणाला, आणि त्याने तो लांब श्वास सोडला. या वेळी मला तो दिसला.

मी फोनमध्येच म्हटलं, विन्सेंट, कुंपणाकडे बघ. त्याने बघितलं. फेकायचीसुद्धा त्याला घाई झाली नाही. आत ये ना, म्हणाला, बाहेर काय उभा?

आत गेल्यावर जे बोलणं झालं, ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण वहिनी समोर आहेत, चुकलो तर टोकतील. विन्सेंट म्हणाला, रविवार मोजत नाहीत रे. लेंटमध्ये पण नाही मोजत, तो देवाचा दिवस. म्हणून तर चाळीसचे सेहेचाळीस होतात. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, ते खरं आहे. पण देवाने रविवारी उपास सोडायला सांगितलंय, खोटं बोलायला नाही. मी चार वर्षं सांगते याला.”

मी विचारलं, म्हणजे पहिल्या रविवारपासून? तो हो म्हणाला. आठवड्यात एकच. माझा फोन आला की. एकट्याने त्याला ओढवत नाही, हे मला माहीतच आहे, म्हणाला.

“मग मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू पण रविवारी एक ओढली असती,” तो म्हणाला. “मला एक पुरते. तुला नसती पुरली.”

मला एक पुरली नसती, सोमवारी दहा लागल्या असत्या, हे रेवतीही सांगेल. मी आज दोन मजले न थांबता चढतो, ते या माणसाच्या खोटेपणावर चढतो, हे मी नाकारू कसं? पण मला राग येतो. फार राग येतो. माझं वजन याने मला न विचारता परस्पर करून टाकलं. मी ज्याला त्याची तळमळ समजून छातीशी धरलं, तो धूर होता. आणि तो माझ्या आवाजाची चव घेऊन ओढला जात होता.

सोमवारी मी वसुधा मॅडमना विचारलं, हे कोणाकोणाला माहीत होतं? मॅडम, तुम्ही खोटं बोलला नाहीत, याबद्दल मी तुमचा आभारी आहे. तीन वर्षांपूर्वी आपली सहल गोराईला गेली होती, रविवारी. माझ्या भाचीचं लग्न होतं म्हणून मी नव्हतो. त्या दिवशी चार वाजता माझा फोन आला तेव्हा विन्सेंट किनाऱ्यावर तुमच्या सगळ्यांच्या मध्ये बसला होता. त्याने सिगारेट पेटवली, तोंडावर बोट ठेवलं, आणि बसभर माणसं गप्प बसली. मला तो फोन आठवतो. मी त्याला विचारलं होतं, एवढं शांत कसं रे? मागे नुसता समुद्राचा आवाज येत होता. गाणी म्हणणारी, भेंड्या खेळणारी तुम्ही पन्नास माणसं, आणि एकालाही खोकला आला नाही.

रतन, तू खाली बघू नकोस. तू दुसऱ्या दिवशी चारच्या जागी आठ लवंगा ठेवल्या होत्यास. मला तेव्हा कळलं नाही, का ते.

तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत, हे मला कळतं. पण चार वर्षं मी त्या फळ्याकडे बघून छाती फुगवून चालत होतो, आणि त्यातली तीन वर्षं तुम्ही सगळे एखाद्या लहान मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होता. हे कळल्यावर माणसाने कुठे बघायचं?

गेल्या रविवारी मरोळहून निघताना मी नाक्यावर एक सुटी सिगारेट घेतली. रेवतीला हे अजून माहीत नाही, तिची मी घरी जाऊन माफी मागेन. पाच दिवस ती माझ्या शर्टाच्या खिशात आहे. शर्ट बदलला की सिगारेट नव्या शर्टाच्या खिशात जाते. पेटवलेली नाही. टाकलेलीही नाही. काल चार वाजता मी जनरेटरच्या खोलीमागे जाऊन उभा राहिलो होतो, काडेपेटी घेऊन. मग परत आलो, का ते विचारू नका. एकट्याने मलाही ओढवत नाही, असं आता दिसतंय.

विन्सेंट, कंपनीने तुला शाल दिली, श्रीफळ दिलं, घड्याळ दिलं. माझ्याकडून ही घे. जरा वाकडी झाली आहे खिशात. इथे तुझ्या मानपत्रावर ठेवतो. परवा रविवार आहे. चार वाजता माझा फोन येणार नाही. ओढून दाखव.

साहेबांचा आणि सर्वांचा वेळ घेतला, बाहेर आइस्क्रीम वितळतंय याची मला जाणीव आहे. चण्यांच्या प्रत्येक दाण्याबद्दल आणि प्रत्येक लवंगेबद्दल मी तुमचा ऋणी आहे, हे मनापासून सांगतो. निरोपाच्या प्रसंगी बोलू नये असं काही माझ्या तोंडून गेलं असेल, तर अध्यक्षांनी आणि तुम्ही सर्वांनी ते पोटात घालावं. गोष्टी पोटात ठेवायची तुम्हाला सवय आहेच. विन्सेंटची क्षमा मात्र मी मागत नाही, कारण त्याने माझी अजून मागितलेली नाही. चार वर्षांत प्रत्येक वेळी फोन मी केला, त्याने एकदाही केला नाही. परवा चार वाजता मी घरीच असेन. माझा नंबर त्याच्याकडे आहे.

धन्यवाद.