अठ्ठावन्न नंबरची उलटी बोट

जबाब देणार: आज सकाळच्या तक्रारीतील बेपत्ता जवानाची थोरली बहीण, वय ४३ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कापडबाजारामागे, दुसरा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, माझा धाकटा भाऊ, घरात ज्याला बाळ्या म्हणतात, तो सैन्यात आहे. जवानांच्या नदीतल्या लांब पल्ल्याच्या वल्हवण्याच्या स्पर्धेत तो आणि त्याच्या पलटणीतला लांब्या असे दोघे एका बोटीत होते. बोटीचा नंबर ५८. स्पर्धा काल सकाळी सुरू झाली. वाटेत प्रत्येक बंधाऱ्यावर बोट खांद्यावर घेऊन पलीकडे न्यावी लागते. तिथे खाणे आणि कोरडे कपडे घरच्या माणसाने द्यायचे असतात. आईचे गुडघे धड नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे आले.

आज सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी दोघे तिसऱ्या बंधाऱ्यावरून पुढे गेले. डोळे लालभडक होते. मी म्हणाले, "जरा पाठ टेका रे." त्यावर बाळ्या म्हणाला, "ताई, तू तुझं शिवणयंत्र सांभाळ." चौथ्या बंधाऱ्यावर ते ८ वाजता यायला हवे होते. ८ वाजून ४० मिनिटांनी नुसती बोट आली, तीही उलटी. तिचे सुटून बाजूला तरंगणारे कापडी झाकण मी शिवलेले आहे. दुहेरी दोऱ्याची टीप मी लांबूनच ओळखली. नंबर नंतर पाहिला.

९ वाजून १५ मिनिटांनी मी या ठाण्यात तक्रार दिली. अंगावरच्या खुणा विचारल्या, त्या सांगितल्या. डाव्या भुवईवरची खोक माझ्याच हातून पडलेली आहे, हेही सांगितले. मधल्या वेळात आईचे तीन फोन आले. दोनदा मी "पोरं पुढे गेलीत" असे खोटे बोलले. तिसरा उचलला नाही.

११ वाजून ५० मिनिटांनी एका कोळ्याला तिसऱ्या बंधाऱ्याच्या खाली, काठच्या उंच गवतात घोरण्याचा आवाज आला. दोघेही तिथे जिवंत, अंगावर ओरखडाही नाही. हे साहेबांनी सांगितल्यावर मी होते तिथेच, फरशीवर, बसले. नंतर साहेबांच्या टेबलावरचे पाणी न विचारता प्यायले, त्याबद्दल माफी असावी.

दोघांना ठाण्यात आणल्यावर मला कळले ते असे. त्यांनी वीस-वीस मिनिटे पाळीने झोपायचे ठरवले. बोट काठावर ओढून पालथी ठेवली. आधी बाळ्या झोपला, लांब्या पहाऱ्यावर. वीस मिनिटांनी लांब्याने त्याला हलवले. बाळ्या "हजर!" म्हणाला. लांब्या निर्धास्त आडवा झाला. परंतु बाळ्याला भरतीच्या दिवसांपासून झोपेतच हजर म्हणायची खोड आहे. ती आम्हाला घरी ठाऊक होती, लांब्याला नव्हती. तेवढ्यात वरच्या धरणाचे पाणी सोडले आणि बोट एकटीच निघून गेली.

चौथ्या बंधाऱ्यावर आपटून बोट फुटल्यामुळे दोघे स्पर्धेतून बाद आहेत. लांब्याच्या ते मनाला फार लागले आहे. मला त्याचे काडीचेही वाईट वाटत नाही.

मी बाळ्याच्या पाठीत एक धपाटा घातला, त्याबद्दल त्याची तक्रार नाही. लांब्याने स्वतःहून पाठ पुढे केली, त्यालाही दिला. माझी कोणाविरुद्ध तक्रार उरलेली नाही. सकाळची तक्रार बंद करावी.

आईला मी आता फोन करून "पोरं झोपलीत" एवढेच सांगितले. ते खरे आहे. दोघेही समोरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपले आहेत. सह्या घ्यायला साहेबांनी बाळ्याला हाक मारली. तो डोळे न उघडता "हजर!" म्हणाला. त्यांना उठवू नये अशी विनंती आहे. ते उठेपर्यंत पहाऱ्यावर मी आहे.

वरील मजकूर माझ्या सांगण्यावरून हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच उतरला आहे.